घर कुणाचं, ते दगड ठरवतो

जळगावहून पहूर, फर्दापूर करत अजिंठ्याला जाणारी आपली माणसं बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या लेण्यातल्या चित्रांपाशी रेंगाळतात. चित्रं आहेतच तशी. तरी माझं सांगणं असं, की आधी बाराव्या लेण्यात शिरा. दर्शनी भिंत कधीच ढासळली असल्याने उजेड थेट आत येतो. तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, दारांच्या वर घोड्याच्या नालेसारख्या कमानी. एखाद्या खोलीत वाकून जा. दोन बाजूंना खडकातच राखलेले दोन ओटे, मधे जेमतेम उभं राहायला जागा. इथे दोन भिक्खू झोपत. मंदिर किंवा चित्रशाळा म्हणण्याआधी हे घर आहे.

डोंगर कोरून राहणारी माणसं जगात पुष्कळ. दक्षिण इटलीतलं मातेरा हे अशा माणसांचं एक गाजलेलं गाव. तिथला दगड मऊ चुनखडीचा. बाप एक खोली कोरायचा, पुढे मुलगा आणखी आत सरकायचा, आणि निघालेल्या दगडाचीच पुढची भिंत उभी राहायची. एकाच खोलीत लेकरं, खेचर, डुक्कर. ही दैना देशाला लाज आणणारी ठरली तेव्हा 1952 च्या कायद्याने तिथली सुमारे पंधरा हजार माणसं नव्या वस्त्यांत हलवली. 1993 साली तेच गाव जागतिक वारसा झालं आणि आज त्या घरांतून हॉटेलं चालतात. गरिबी असह्य होती हे खरंच. पण ते घर कुटुंबाने स्वतःच्या हातांनी कोरलेलं होतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे तसं होणं शक्य नव्हतं. खानदेशात ज्याने विहीर खोदली, त्याला काळ्या पाषाणाची जात सांगायला नको. सुरुंगाशिवाय तो सहजी हलत नाही. शेतीभाती सांभाळून, सवडीने कोरायचा हा खडक नव्हे. त्याला पाथरवट लागतात, त्यांची वर्षानुवर्षांची मजुरी लागते, आणि ती भरणारा कुणीतरी लागतो. म्हणून अजिंठ्याची घरं दानाची आहेत. बाराव्या लेण्यातला लेख घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचं दान नोंदवतो. चाळीसगावच्या डोंगरात, पितळखोऱ्याला, पैठणचा गंधी मितदेव आणि वैद्य मगिल यांच्या घराण्याची नावं खांबांवर, भिंतींवर आहेत. ज्यांनी पैसे दिले ते या घरांत कधी राहिले नाहीत. राहिले ते भिक्खू, ज्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं.

तेही राहायचे मुख्यतः पावसाळ्यात. उरलेले महिने पायी हिंडायचं आणि चातुर्मासात एका ठिकाणी थांबायचं, असा त्यांचा नेम. म्हणून जागा निवडली ती वाघोरा नदीच्या वळणावर. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात संघाला दिलं. त्याच्या लेखात खिडक्या-दारांच्या बरोबरीने पाण्याच्या टाक्याचा आणि नागराजाच्या स्थानाचाही उल्लेख आहे. जिन्यालगत तो नागराज आजही बसलेला दिसतो. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. दुसऱ्यासाठी घर बांधताना पाण्याची काळजी आधी घ्यावी, ही जाण त्यात आहे.

दानावर उभ्या राहिलेल्या घराला एक धोका मात्र कायमचा असतो. हरिषेण गेला, राज्य विस्कटलं, आणि थोड्याच काळात दानाचा ओघ आटला. मातेऱ्यात पोराने बापाची खोली पुढे वाढवली असती. इथे पाथरवटांना मजुरी देणारंच कुणी उरलं नाही. चोविसाव्या लेण्यात गेलं की ते कळतं. पुरं झालं असतं तर अजिंठ्याच्या सर्वांत मोठ्या विहारांत ते गणलं गेलं असतं. आधी लांब चर खणायचे आणि मग मधल्या भिंती फोडायच्या, अशी तिथली रीत. ते चर अजून तसेच आहेत, मधल्या भिंती फोडायच्या राहिल्या आहेत.