मात्रा कोणी ठरवायची?

केमोची मात्रा कमी करूया, असं डॉक्टर म्हणाले की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे आता हात टेकले का?’ पूर्ण मात्रा म्हणजे झुंज, कमी मात्रा म्हणजे माघार, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. मला ते पटत नाही. पण ‘कशाला उगाच छळायचं त्यांना’ हेही तितक्या सहज पटत नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर शरीरात पसरला की तो सहसा बरा होत नाही. औषधं वेळ वाढवून देतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ३४२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जेमसायटाबिन या एकाच औषधावर असलेल्यांपैकी निम्मे ६.८ महिन्यांपेक्षा जास्त जगले. फॉल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या संचावर हाच आकडा ११.१ महिने झाला. त्रासही वाढला: पांढऱ्या पेशी घटल्या, जुलाब झाले, हातापायांची संवेदना बोथट झाली. तरी सहा महिन्यांत जगण्याचा दर्जा ठळकपणे घसरलेले रुग्ण या गटात ३१ टक्के होते, एका औषधाच्या गटात ६६ टक्के. कारण छळ फक्त औषध करत नाही, रोगही करतो. सौम्य उपचार म्हणजेच दया, असं सरळ गणित इथे नाही.

पण हे रुग्ण पंच्याहत्तरीच्या आतले, हिंडते-फिरते होते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना तेच आकडे कसे लावायचे? शिवाय ‘पूर्ण मात्रा’ ही काही दगडावरची रेघ नाही. ती बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून काढतात, आणि त्यासाठी अजूनही वापरलं जाणारं १९१६ सालचं एक सूत्र अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापांवर बेतलेलं होतं. जठर आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये, अशक्त आणि वयस्क रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत कमी मात्रेनेही रोग तितकाच आटोक्यात राहिला, त्रास मात्र कमी झाला.

म्हणजे आकडे वाट दाखवतात, निवड करून देत नाहीत. तबलजीला बोटांतली संवेदना दोन महिन्यांपेक्षा मोलाची वाटेल. एखाद्या आईला लेकीच्या बाळंतपणापर्यंत काहीही सोसायचं असेल. हा वेळ कशासाठी हवाय, हे ज्याचं त्यालाच सांगता येतं.

आणि नेमकं त्यालाच आपण विचारत नाही. ‘त्यांना सांगू नका, खचतील,’ म्हणत मुलं, जावई, काका दवाखान्याच्या व्हरांड्यात मात्रा ठरवून मोकळे होतात. यात प्रेम असतं, हे मी नाकारत नाही. काहींना खरंच सगळं ऐकायचं नसतं, हेही खरं. पण तेही त्यांनाच ठरवू द्यावं. ‘तुम्हाला किती सांगू?’ एवढं विचारलं तरी पुरे. कुणी म्हणेल, ‘सगळं सांग.’ कुणी म्हणेल, ‘तूच बघ बाबा.’ दुसऱ्या उत्तरानंतर मुलाने घेतलेला निर्णय आणि न विचारता घेतलेला निर्णय कागदावर एकच दिसेल. माझ्या लेखी त्यांत फरक आहे: पहिला सोपवलेला असतो, दुसरा काढून घेतलेला.