मरणाऱ्याचा आशीर्वाद

हर्मन मेलव्हिलची ‘बिली बड’ मी पेन्सिल हातात घेऊन वाचली, खालच्या कोर्टाचं निकालपत्र वाचावं तशी. सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं जमणार काय?

गोष्ट १७९७ सालातली. स्पिटहेड आणि नोअरच्या बंडांनी ब्रिटिश आरमार हादरलेलं आहे. ‘राइट्स ऑफ मॅन’ नावाच्या व्यापारी जहाजावरून बिली नावाचा देखणा, निर्मळ पोरगा उचलून युद्धनौकेवर भरती केला जातो. तिथला क्लॅगार्ट म्हणजे जहाजावरचा पोलीस. तो बिलीवर बंडाच्या कटाचा खोटा आळ घेतो. कप्तान व्हीअर दोघांना समोरासमोर उभं करतो. मनावर ताण आला की बिलीची जीभ अडखळते. आताही शब्द फुटत नाही, हात सुटतो, आणि क्लॅगार्ट जागच्या जागी मरतो.

माझ्यापुढे हा खटला आला असता तर कलम तीनशे दोन टिकलंच नसतं. इरादा नाही, हत्यार नाही, एकच ठोसा. पण युद्धकाळातल्या आरमारी कायद्याला इराद्याशी देणंघेणं नव्हतं. वरिष्ठाला मारलंस ना, मग फाशी. व्हीअर त्याच दिवशी तीन अधिकाऱ्यांची न्यायसभा बसवतो. एकमेव साक्षीदार तोच, न्यायसभा नेमणारा तोच, आणि अधिकारी डगमगताहेत असं दिसल्यावर फाशीच्या बाजूनं युक्तिवाद करणाराही तोच. प्रकरण ॲडमिरलकडे पाठवावं, असं जहाजाच्या डॉक्टरलासुद्धा वाटतं. आपल्याकडे सत्र न्यायाधीशानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. एका माणसाची खात्री कितीही पक्की असली, तरी ती पुरेशी नाही, हे कायद्यानं ओळखलेलं आहे. व्हीअर वाट पाहत नाही. पहाटे बिली फासावर जातो.

हे सगळं मेलव्हिलनं हवेतून काढलेलं नाही. १८४२ साली ‘सोमर्स’ या अमेरिकन जहाजावर बंडाच्या संशयावरून तिघांना फाशी दिली होती, आणि त्या जहाजाचा फर्स्ट लेफ्टनंट मेलव्हिलचा मामेभाऊ होता. १८९१ साली मेलव्हिल वारला तेव्हा हे हस्तलिखित अपुरंच होतं. छापून आलं ते १९२४ साली.

व्हीअरचा युक्तिवाद मला फार ओळखीचा वाटतो. आपल्या अंगावरची बटणं राजाची आहेत, मनाला काय वाटतं ते इथे चालत नाही. शिक्षा आपण देत नाही, कायदा देतो. आमच्याकडे फाशीच्या निकालावर सही झाली की पेनाची निब मोडायची पद्धत होती. पाप लेखणीच्या माथी मारून न्यायाधीशानं घरी जेवायला जायचं. मला ती कधीच पटली नाही. सही माझी होती, निबेची नव्हे.

पण खरा पेच पुढेच आहे. गळ्यात दोर असताना बिली मोठ्या, स्वच्छ आवाजात, एकदाही न अडखळता, व्हीअरला देवाचा आशीर्वाद देतो. ज्याला मारलं त्यानंच आशीर्वाद दिला, तर मारणारा सुटतो का?

बेंजामिन ब्रिटनचा ऑपेरा म्हणतो, सुटतो. १ डिसेंबर १९५१ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. संहिता ई. एम. फॉर्स्टर आणि एरिक क्रोझिअर यांची. मी पाहिलं ते बीबीसीचं १९६६ सालचं कृष्णधवल चित्रण. पहिल्या प्रयोगात व्हीअर झालेला पीटर पिअर्सच त्यातही व्हीअर आहे. (अख्ख्या ऑपेऱ्यात बाईचा एक स्वर नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली कोर्टं आठवली.) इथे व्हीअर म्हातारपणापर्यंत जगतो आणि अखेरीस गातो की त्या पोरानं मला वाचवलं. मेलव्हिलचा व्हीअर इतका जगतच नाही. ‘नास्तिक’ अशा अर्थाचं नाव असलेल्या फ्रेंच जहाजाशी झालेल्या लढाईत तो जखमी होतो आणि जिब्राल्टरला मरतो. मरताना बिलीचं नाव पुटपुटतो, पण लेखक बजावून सांगतो की त्या सुरात पश्चात्ताप नव्हता.

फॉर्स्टरनं आणखी एक गोष्ट केली. ऑपेऱ्यातला व्हीअर युक्तिवाद करत नाही. अधिकारी त्याचा सल्ला मागतात आणि तो नाही म्हणतो. म्हणजे आधी आरोप सौम्य केला, मग आरोपीला मुक्ती दिली. वकील म्हणून फॉर्स्टर हुशार निघाला असता!

हा फॉर्स्टर आपल्याला परका नाही. १९२१ साली तो देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खाजगी सचिव होता. तिथली गोकुळाष्टमी त्यानं जवळून पाहिली, आणि पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात गोडबोले नावाच्या पात्राकडून तुकोबांचं नाव घेऊन भजन करवलं. ही कादंबरीही १९२४ सालचीच. स्वतः अश्रद्ध, पण एका प्रेमात सगळं धुऊन निघतं ही कल्पना त्याला सोडवत नव्हती. व्हीअरच्या सुटकेला तो गुलाल थोडा लागला असावा, असं मला आपलं वाटतं. आमच्या माहेरी पंढरीची माळ आहे. कृपेपुढे कर्माचा हिशोब चालत नाही हे ऐकतच मी वाढले. तरी व्हीअरच्या बाबतीत माझं मन तयार होत नाही.

एकदा जन्मठेप सुनावल्यावर आरोपी हात जोडून म्हणाला, ‘तुमचा दोष नाही मॅडम, देव तुमचं भलं करो.’ शिक्षा योग्य होती, वरच्या कोर्टातही टिकली. त्या रात्री मला शांत झोप लागली आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटली. त्याचं ते बोलणं त्याचं होतं. तुरुंगात जाताना माणसापाशी जे थोडं उरतं, त्यातलं. ते मी आपल्या नावावर जमा करून घेतलं होतं.

निकाल लागल्यावर व्हीअर एकटाच बिलीच्या कोठडीत जातो. आत काय झालं ते मेलव्हिल सांगत नाही. बहुधा व्हीअरनं काही लपवलं नसेल, एवढा अंदाज बांधतो आणि अब्राहाम-इसहाकाची आठवण काढतो. ब्रिटननं तिथे रंगमंच रिकामा ठेवलाय. शब्द नाहीत. फक्त चौतीस कॉर्ड्स, संथ, एकामागून एक. कधी पितळी वाद्यं, कधी तंतुवाद्यं, कधी जोरात, कधी जेमतेम ऐकू येतील एवढ्या. मी ते पुन्हा पुन्हा ऐकते. शेवटी म्हातारा व्हीअर सुटकेचं गातो तेव्हा त्याच कॉर्ड्स परत येतात, आणि कानाला सगळं पटतं.

तरी पेन्सिल एका जागी थांबते. मेलव्हिलच्या गोष्टीत व्हीअर फाशीसाठी युक्तिवाद करत असतो तेव्हा बिलीला बाहेर काढलेलं असतं. आपल्याला दोरापर्यंत कुणी नेलं, हे पुरतं कळून त्यानं आशीर्वाद दिला का? क्षमा करणाऱ्याला निदान गुन्हा तरी माहीत हवा. त्याला तो सांगितला होता की नाही, हे बंद दाराआड राहिलं आहे, आणि आत गेलेला दुसरा माणूस व्हीअरच.