देवाचे नाव आणि कोशातली नोंद

गुरुवारी ठाण्याच्या वर्तकनगरातील साईमंदिरात दर्शनाची रांग लागते. अशा रांगेत ‘साईराम’ हा एकच शब्द तीन कामे करतो. ओळखीचे माणूस दिसले की तो नमस्कार असतो, गर्दीतून वाट हवी असली की विनंती असतो आणि मूर्तीपुढे हात जोडले की नामस्मरण. यांपैकी पहिल्या दोन अर्थांनी तो मराठी शब्दकोशात यावा का? वरवर हा कोशकाराच्या कामकाजाचा प्रश्न दिसतो, पण त्याच्या मुळाशी श्रद्धा आहे. भक्त म्हणेल, देवाच्या नावाचा अर्थ लावणारे आपण कोण? श्रद्धा नसलेला म्हणेल, एका पंथाच्या घोषाला भाषेने मान्यता का द्यावी? माझ्या मते नोंद व्हावी, आणि त्यात दोघांचाही मान राहतो.

निकष आपल्याच शास्त्रपरंपरेत आहे. ‘पाचक’ म्हणजे शिजवणारा. घटक कळले की अर्थ कळला. ‘पंकज’चे तसे नाही. चिखलात पुष्कळ काही जन्मते, पण शब्द कमळावरच रूढ झाला. घटकांची बेरीज जिथे अपुरी पडते, तिथे कोशाची खरी गरज लागते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून निघू लागला. ‘रामराम’ हे अभिवादन अशा मराठी कोशांत केव्हाच रुळले आहे. ‘त्यात काही राम नाही’, ‘त्याने राम म्हटला’, ‘नोकरीला रामराम ठोकला’ या तिन्ही प्रयोगांचा अर्थ रामाचे चरित्र कितीही वाचले तरी हाती लागणार नाही. रांगेतल्या माणसाला उद्देशून म्हटलेला ‘साईराम’ याच वाटेने निघाला आहे.

यावर भक्ताचा आक्षेप गंभीर आहे: नाम हे वापरायचे साधन नव्हे, कोशात घातले की ते व्यवहाराच्या पातळीवर उतरते. पण नाम व्यवहारात आणले ते भक्तांनीच. ज्ञानेश्वरांना वारकरी माउली म्हणतात आणि वारीत वाट मागतानाही पुढच्या अनोळखी माणसाला ‘माउली’ अशीच हाक मारतात. त्याने ज्ञानेश्वर लहान होत नाहीत. समोरच्या माणसाचा मान वाढतो. देवाचे नाव माणसाला उद्देशून उच्चारणे ही स्वतंत्र क्रिया आहे, आणि कोश तेवढीच टिपतो. पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे की घडा हवा असलेला माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द घडवून घ्यायला कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. शब्द लोक चालवतात. त्यांचे चलन नोंदवणे म्हणजे साईबाबा देव आहेत किंवा नाहीत असा निवाडा देणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की मग ‘श्री स्वामी समर्थ’, ‘जय भीम’ सगळेच येईल. निकषाला उतरेल ते यायलाच हवे. अभिवादन ही निव्वळ शिष्टाचाराची बाब कधीच नव्हती. सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये म्हणून पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने १७७९मध्ये मनाई केली होती. ‘जोहार’ म्हणायला लावलेल्या समाजाने पुढे ‘जय भीम’ स्वीकारले, तेव्हा माणसामाणसांतले नातेच बदलले. ‘रामराम’ला जागा देऊन ‘जय भीम’ला वगळणारा कोश तटस्थ राहत नाही, तो बाजू घेतो.

पण म्हणून प्रत्येक घोषणा शब्द ठरत नाही. पूजेबाहेर, दोन माणसांच्या बोलण्यात, ठरलेल्या अर्थाने आणि एका देवळापलीकडे जो प्रयोग चालतो, तोच नोंदीला पात्र. शिर्डीपासून वर्तकनगरापर्यंत ‘साईराम’ असा चालतो. तो फक्त साईभक्तांत चालतो, हा उरलेला आक्षेप खरा आहे; पण त्याचे उत्तर नोंद नाकारणे नव्हे, नोंदीतच ‘साईभक्तांत रूढ’ असे लिहिणे आहे. उद्या तो सर्वत्र पसरला तर शेरा बदलता येईल, विरला तर आजच्या माणसांनी एकमेकांना कसे संबोधले याचा पुरावा राहील. श्रद्धेबद्दल कोशाने मौन पाळावे. वापराबद्दल मात्र बोललेच पाहिजे.