बोटांना कळतं ते

पावसाळा सरला की ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे मी गाडी स्वतः धुतो. एरवी ते काम इमारतीत येणारा मुलगा करतो. एक बादली, एक फडकं आणि दहा गाड्या. त्यात त्याचा तरी काय दोष? त्या दिवशी मात्र मी दोन बादल्या घेतो, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडकं खळबळायला. धुऊन पुसून झालं की गाडी अशी काही चकाकते की आता चहा घ्यावा असं वाटतं. पण चहाआधी एक करायचं. ब्रेडच्या पुड्याची पातळ पिशवी हातात चढवायची आणि बॉनेटवरून तळवा अलगद फिरवायचा. पिशवीमुळे कातडीची पकड जाते आणि नुसता खरखरीतपणा जाणवतो. डोळ्यांनी ज्या पत्र्याला शंभरपैकी शंभर दिले होते, तो बोटांना सांडलेल्या रव्यासारखा लागतो.

शिवाजी पार्कात गाडीवर येऊन बसायला पुष्कळ काही आहे. 1925 साली खुलं झालेलं हे 28 एकरांचं मैदान. उन्हाळ्यात वारा सुटला की त्याची तांबडी धूळ दिवाणखान्यापर्यंत येते. ती बिचारी पाण्याने निघून जाते. रेन ट्रीखाली गाडी लावली तर सकाळी काचेवर चिकट थेंब. झाड रडतं असं आमच्याकडे म्हणतात, पण बऱ्याचदा तो पिठ्या ढेकणासारख्या रस शोषणाऱ्या किडीचा गोड स्राव असतो. शेजारची तीनमजली इमारत पाडून टॉवर उठतोय, त्याचं सिमेंट. आणि सगळ्यांत चिवट म्हणजे लोखंडाचे कण. ब्रेक दाबताना डिस्क घासली जाते, रुळावर चाक घासलं जातं, त्यातून उडालेले हे बारीक कण रंगात रुतून बसतात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते केशरी ठिपके दिसतात. काळ्या गाडीवर दिसत नाहीत, एवढंच.

हे सगळं ओढून काढायला जी वडी मिळते तिला क्ले म्हणतात. क्ले म्हणजे माती, असं मी धरून चाललो होतो. लालबाग-परळच्या कारखान्यांत शाडू मळणारे हात लहानपणापासून पाहिलेले. वाटलं, तसलंच काही असणार. हातात आला तो चिवट, रबरी गोळा. पॉलिब्युटीनसारख्या पॉलिमरमध्ये घासणारी अगदी बारीक पूड मिसळलेली. तादाओ कोदाते या जपानी माणसाच्या नावे 1995 साली अमेरिकेत याचं पेटंट निघालं, त्यात या वस्तूला घासायचा लवचिक दगड म्हटलं आहे. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं. माती म्हटलं की हात बेफिकीर होतो. साण म्हटलं की जपून चालतो. आणि जपायलाच हवं, कारण आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. सकाळी दाराशी पडणाऱ्या वर्तमानपत्राचा कागदही त्याहून जाड.

वडीला आता भावंडं झाली आहेत. रबरी पॉलिमरचा थर दिलेला हातमोजा, तसाच टॉवेल, तसाच स्पंज. वडीने तास लागतो ते काम मोजा वीस मिनिटांत उरकतो. खाली पडला तर धुऊन पुन्हा वापरता येतो. वडी जमिनीवर पडली की संपली. तिच्यात रुतलेला वाळूचा एक कण अख्ख्या दरवाजावर रेघ ओढतो. आमच्या फुटपाथवर तांबडी माती, आणि माझ्या हातांना आता साठीचा कंप. शहाण्या माणसाने मोजाच घ्यावा. ज्याच्याकडे चार गाड्या आहेत त्याला मी तोच घ्यायला सांगेन, फक्त नवा मोजा आधी काचेवर फिरवून थोडा नरम करायचा.

मी तरी वडीच घेतो. तीही सर्वांत मऊ जातीची. कडक वडी रंगाचे तुषारही ओढून काढते, पण मागे धूसरपणा ठेवते आणि मग पॉलिश आलंच. मोज्यातून खालचं काही कळत नाही. वडीतून कळतं: आधी ती अडखळते, बारीक खसखस ऐकू येते, आणि तीन-चार फेऱ्यांनंतर अचानक घसरायला लागते. तिथेच थांबायचं. पडण्यावरचा उपाय साधा आहे. वडीचे चार तुकडे करायचे. पडला तर एकच वाया. काम करता करता मळलेली बाजू आत दुमडून नवी वर काढायची, पोळीचा उंडा मळतो तशी.

जोर मात्र अजिबात लावायचा नाही आणि पत्रा साबणपाण्याने सतत ओला ठेवायचा. हे पटायला मला पुस्तक लागलं नाही. पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला एरंडेल चोपडतात. नव्या माणसाला वाटतं, आधीच गुळगुळीत खांब, वर तेल कशाला? पण अंग सोलून न निघता खांबावर फिरायचं तर मध्ये तो पातळ पडदा हवाच. वडी आणि रंग यांच्यामधलं साबणपाणी तेच करतं. गोल गोल न फिरवता सरळ रेषेत नेलं की झालं.

मागच्या रविवारी फेरी मारून परतणारे खालच्या मजल्यावरचे आजोबा थबकले. "अहो, धुतलेली गाडी परत काय घासताय?" मी पिशवी त्यांच्या हातात चढवली. माझ्या झालेल्या दरवाजावरून त्यांनी हात फिरवला, मग काही न बोलता पलीकडे लावलेल्या स्वतःच्या गाडीवरून.

"रवा आहे हो," ते म्हणाले.

वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे, हे मी त्यांना सांगितलं, कारण त्यांचा चेहरा रोज करणाराचा होता. यानंतर मेणाचा हात द्यावा लागतो, जुनं मेणही वडीबरोबर निघून जातं, हेही सांगितलं. तेवढ्यात ऊन बॉनेटवर आलं. पत्रा तापला की साबणपाणी वाळतं आणि वडी चिकटते, म्हणून आवरतं घेतलं. डावीकडचे दोन दरवाजे राहिले. ते येत्या रविवारी, त्यांच्या गाडीबरोबर.