माशांची टोपली आणि गालातली पेशी

आमची नात यंदा विद्यापीठात जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसली. लष्करी सेवा संपवून, थोडे दिवस नोकरी करून मग शिक्षणास लागण्याची येथील मुलांची रीत आहे. त्यामुळे ती आता बावीस वर्षांची आहे, तथापि आजोबांना प्रश्न विचारण्याचे तिचे वय अजून सरलेले नाही, याचे आम्हांस समाधान वाटते. शुक्रवारी ती घरी आली की तिच्या पिशवीतले जाडजूड पाठ्यपुस्तक आम्ही उघडून बसतो. पेशी, वर्गीकरण, आनुवंशिकता, उत्क्रांती असा त्याचा क्रम आहे. शास्त्राचे शब्द आम्ही मराठीतून शिकलो आणि ती इव्रीतमधून, म्हणून आमची निम्मी संध्याकाळ शब्दांची अदलाबदल करण्यात जाते.

पहिल्याच महिन्यात त्यांचे एक प्रात्यक्षिक झाले. ते आम्हीही शाळेत केले होते. गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडायचे, ते काचपट्टीवर पसरायचे, मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. चपट्या, फिकट निळ्या पेशी आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद केंद्रक. नातीच्या टेबलावर चौघी होत्या. एकीचे घराणे मोरोक्कोचे, एक इथिओपियाची, एक गॅलिलीतील अरब मुलगी आणि चौथी आमची. पट्ट्यांवर लिहिलेली नावे पाण्याने पुसली गेली आणि कोणती पट्टी कोणाची हे शेवटपर्यंत कोणास सांगता आले नाही. मुली हसल्या व पुढच्या तासाला गेल्या. परंतु त्या शब्बाथला जेवणे झाल्यावर नातीने विचारले, “आजोबा, याच पेशी बाहेरच्या कंपनीला पाठवल्या तर माणूस किती टक्के ज्यू ते कळवतात म्हणे. आपण पाठवायच्या का?”

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

2016 साली ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकात आपल्या समाजाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांची तुलना इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांशी करून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की आपल्या पूर्वजांत मध्यपूर्वेतील ज्यूंचा वाटा खरोखरच मोठा आहे. ही बातमी आपल्या घराघरांत किती आनंदाने फिरली हे वाचकांस आठवत असेल. आम्हीही ती चार जणांना पाठविली. 1962 साली मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्या लोकांच्या विवाहापूर्वी आईकडच्या पिढ्या मागे मागे तपासाव्यात असा आदेश काढला होता. 1964 साली जेरुसलेममध्ये धरणे धरल्यावर आणि क्नेसेटने लक्ष घातल्यावर त्यातले आपले नाव निघाले. ज्यांनी ते दिवस सोसले त्यांतले बरेच जण आज नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी आता शिक्का मारून दिला, असे आम्हांस वाटले.

नातीने तो निबंध मुळातून वाचला आणि आम्ही पुढे न पाठविलेला अर्धा भाग आम्हांस वाचून दाखविला. आपल्यात स्थानिक भारतीय रक्ताचा वाटाही तितकाच भरीव आहे. हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी झाले. आणि त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, तर स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक आला आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आईकडची बाजू! 1962 साली ज्या बाजूची चौकशी करायची होती नेमकी तीच. हे वाचताना आमचा चेहरा उतरला, आणि तो नातीने पाहिला याची आम्हांस अधिक लाज वाटली. कारण प्रश्न सरळ आहे. अनुकूल निकाल आला तर जनुके खरी आणि प्रतिकूल आला तर खोटी, असे म्हणता येते का? अठरा माणसांच्या तपासणीने सुखावणारे आम्ही, उलट उत्तर आले असते तर मेझुझा दारावरून काढणार होतो का?

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम येथे आपल्याला मदत करतो, पण आपण मागतो तशी नव्हे. मेंडेलने 1866 साली वाटाण्यांवरील प्रयोग छापले, तोपर्यंत समजूत अशी होती की आई-बापांचे गुण दूध-पाण्यासारखे एकमेकांत मिसळतात. मेंडेलने दाखविले की ते मिसळत नाहीत. ते दाण्यांसारखे सुटे राहतात, एका पिढीत लपतात, पुढच्या पिढीत पुन्हा दिसतात. ‘रक्त भेसळले’ हा शब्दच तेथे निरर्थक ठरतो. दुसरे, वीस पिढ्या मागे गेले तर कागदावर प्रत्येकाचे 10,48,576 पूर्वज होतात. आपल्यासारख्या लहान समाजात तीच माणसे त्या यादीत पुन्हा पुन्हा येतात हे खरे (नौगावच्या किनाऱ्यावर वाचलेली सात जोडपी आपणां सर्वांच्याच यादीत आहेत!), परंतु त्या यादीतल्या पुष्कळांचा एकही तुकडा आपल्या गुणसूत्रांत उरलेला नसतो. ते आपले पूर्वज असतात आणि पेशीत मात्र नसतात.

पेशीत तंतुकणिका म्हणून एक घटक असतो, तो फक्त आईकडून येतो. हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी टाळीच वाजविली होती. “पाहा, धर्मशास्त्र आणि विज्ञान एकच सांगतात!” त्यांना आम्ही रूथची आठवण दिली. रूथ मोआबी. तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद राजा. पहिल्या वर्षाच्या हिशेबाने दावीदात रूथचा वाटा सुमारे एक अष्टमांश. परंतु ओबेद पुरुष असल्यामुळे तिची तंतुकणिका त्याच्यापाशीच थांबली. समजा रूथला मुलगी झाली असती, तर ती मुलगी धर्मशास्त्राप्रमाणे पूर्ण इस्राएली आणि तिच्या पेशीतली तंतुकणिका पूर्ण मोआबी! ‘तुझे लोक ते माझे लोक’ असे म्हणणाऱ्या स्त्रीच्या जनुकांत त्या क्षणी एका अक्षराचाही फरक पडत नाही. म्हणून आईवरून धर्म ठरतो याचा अर्थ रक्तावरून ठरतो असा नव्हे. तसा असता तर धर्मांतराला दारच राहिले नसते.

येथवर बोलून आम्ही थांबलो असतो तर सोयीचे झाले असते. पण रब्बींवर आणि मुंबईत आपल्याला दूर ठेवणाऱ्या बगदादी ज्यूंवर बोट ठेवताना आपल्या घरातली एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोकणात आणि मुंबईत आपणच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग केले होते. ज्यांची आजी-पणजी बाहेरची असे समजले जाई ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, आणि पंगतीतही भेद. तीच मशीद, तोच सेफर तोरा, तोच मलिदा, आणि बसायला जागा मागे. नात म्हणाली, “पण मिश्रण तर सगळ्यांतच आहे!” होय. आणि त्वचेचा रंग पुष्कळ जनुके मिळून ठरवितात, म्हणून सख्ख्या भावंडांतही तो वेगळा निघतो. जे आपल्याच नसांत होते त्यासाठी आपण शेजाऱ्याला मागे बसविले. याची माफी आता कोणाकडे मागावी हे आम्हांस सुचत नाही.

मग आम्ही नातीला दावीद रहाबीची गोष्ट सांगितली. आश्चर्य म्हणजे तिने ती ऐकलेली नव्हती. परंपरा रहाबीला फार जुन्या काळात नेते, इतिहासकार त्याचे नाते अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. केहीमकरांनीही आपल्या इतिहासात ही हकिकत दिली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली खरोखर इस्राएली आहेत का, हे त्याला पाहायचे होते. त्याने वंशावळ मागितली नाही. निरनिराळ्या माशांची टोपली आपल्या बायकांपुढे ठेवली आणि शिजवायला सांगितले. बायकांनी पर व खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले.

त्या बायका कोण होत्या? रहाबी अठराव्या शतकातला धरला तर ते मिश्रण त्याच्या कित्येक पिढ्या आधीच झालेले होते. म्हणजे टोपलीपुढे बसलेल्या स्त्रिया त्याच स्थानिक आज्यांच्या नाती-पणत्या. ज्यांच्यामुळे आमचा चेहरा उतरला, त्या आज्यांनीच लेकींना मासा निवडायला शिकविले असणार. सासूने सुनेला, सुनेने लेकीला. पुस्तके गेली होती, इव्रीत गेली होती, शेमा तेवढा उरला होता, आणि खवला ओळखणारी बोटे.

नातीने लगेच शंका काढली. तिच्या पुस्तकात मुशीलाही खवले असतात असे आहे. बारीक, दातांसारखे, त्यामुळेच तिची कातडी पॉलिश कागदासारखी खरखरीत लागते. मग मुशी का चालत नाही? आम्ही सांगितले की धर्मशास्त्राला कातडी न फाटता सुटणारा खवला अभिप्रेत आहे. तोरात वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत येते आणि जीवशास्त्रात सस्तन प्राण्यांत. एक वर्गीकरण कोण कोणापासून निपजले ते सांगते, दुसरे पानात काय वाढायचे ते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला विचारायचा प्रश्न दुसऱ्याला विचारला म्हणजे माणसे मागच्या बाकावर बसतात.

जनुकांची तपासणी करूच नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. त्याच निबंधात म्हटले आहे की लहान समाजात आपापसांत लग्ने होत राहिल्याने काही आनुवंशिक रोगांचा धोका वाढू शकतो. तरुण जोडप्यांनी कुपात होलिममध्ये त्याची चौकशी अवश्य करावी. पेशीला तो प्रश्न विचारण्याजोगा आहे.

“म्हणजे पाठवायच्या नाहीत तर,” नात म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून, “पण रहाबी आज आपल्याकडे आला तर, आजोबा?”

हा प्रश्न आम्हांस पहिल्यापेक्षा कठीण वाटला. आमच्या घरी मासा येतो तो सोललेला, तुकडे केलेला, बर्फात गोठलेला आणि वर कोशेरचा शिक्का असलेला. नातीने आयुष्यात खवला हातात धरलेला नव्हता.

गेल्या गुरुवारी आम्ही बाजारातून अख्खा डेनिस मासा आणला, न साफ करता. तिने सुरी उलटी धरून शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले, अर्धे ओट्यावर आणि अर्धे स्वतःच्या केसांत. शुक्रवारी नारळाच्या रसातले कालवण झाले. दोन खवले तिने कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेले आहेत. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात म्हणे, त्यांवरून माशाचे वय कळते. किती निघाली ते ती या शब्बाथला सांगणार आहे.