गिरिप्रवचन आणि आपली मुले

नीतीचे नियम मुलांना शिकविता येतात काय, हा प्रश्न जुना असला तरी प्रत्येक पिढीला तो नव्याने सोडवावा लागतो. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींपुढे तो एका विशेष रूपाने उभा राहतो. बदलीच्या गावी मराठी शाळा नसते. केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळाला तर ठीक, नाही तर पुष्कळदा मिशनची शाळा जवळ करावी लागते. तेथे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि इतरांना ‘मॉरल सायन्स’चा. पुस्तके निराळी असली तरी त्यांतील पुष्कळ पाठांचा उगम एकच, येशूचे गिरिप्रवचन. मुले ते शिकून घरी येतात आणि मग आईबापांची परीक्षा सुरू होते.

पुष्कळ पालकांना या बाबतीत एकच धास्ती वाटते : मूल आपल्या धर्मापासून दूर तर जाणार नाही ना? ही धास्ती अगदीच अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. राज्यघटनेनेही तिची दखल घेतली आहे. कलम २८ अन्वये शासनमान्य वा अनुदानित शाळेतील अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसविता येत नाही. परंतु आमच्या मते खरा प्रश्न याहून अवघड आहे. हे नियम मुलाने मनापासून खरे मानले, तर त्याला आमच्या घरात सुखाने राहता येईल काय?

या नियमांचे स्वरूपच तसे आहे. जुन्या करारातील दहा आज्ञा बहुतांशी कृत्यांविषयी आहेत. खून, चोरी, खोटी साक्ष यांचा त्या निषेध करतात, आणि कृत्यांवर पहारा ठेवता येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशू एक पायरी आत उतरतो. खून तर नकोच. पण भावाविषयी मनात धरलेला राग आणि त्याला तुच्छतेने मारलेली हाक यांचाही तो तेथेच न्याय करतो. दान करावे, पण त्याचा गवगवा होऊ नये. शपथेची गरजच पडू नये, इतके होकार-नकार सरळ असावेत. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाआधी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे; या अर्थाची म्हण तर मराठी घरांतही सर्वांच्या तोंडी आहे.

हे नियम मनाचे आहेत, आणि मनाची तपासणी होत नाही. आम्ही कारकून माणसे. पहाऱ्याखाली पाळलेला नियम कसा असतो हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. तपासणी जवळ आली की नोंदवह्या पुऱ्या होतात, आणि साहेबांची पाठ फिरली की पुन्हा मागे पडतात. शाळेचीही हीच अडचण असते. गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना सर्वांत अधिक रक्कम आणणाऱ्या मुलाचे नाव फळ्यावर लिहिले की रक्कम वाढते. पण ज्या नियमासाठी ती गोळा केली, तो नियम त्याच फळ्यावर पुसला जातो. दिल्याने नाव होते, एवढेच मूल उचलते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. भरलेल्या वर्गाला बक्षीस आणि शिक्षा यांवाचून हाकणे सोपे नसते.

म्हणजे हे काम घराकडे येते. आणि घरात मुलाला काय दिसते? नको असलेला माणूस दारावर आला की “बाबा घरी नाहीत म्हणून सांग” असा निरोप मुलाच्याच तोंडी दिला जातो. आगगाडीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून सव्वापाच वर्षांचे मूल स्टेशनवर चार वर्षांचे होते. कचेरीतील कागद चित्रकलेसाठी घरी येतात. प्रवास-सवलतीच्या बिलात न केलेला प्रवास दाखविणारा सहकारी हुशार गणला जातो आणि त्याची गोष्ट जेवताना हसत सांगितली जाते. यांपैकी कशालाही कोणी घोर पाप म्हणणार नाही. परंतु लहान आणि मोठे असे खोट्याचे वर्ग मुलाच्या मनात अजून पडलेले नसतात. त्याला एवढेच कळते की काही नियम म्हणावयाचे असतात आणि काही पाळावयाचे. हे एकदा कळले की पुढचे सारे नीतिपाठ पाठांतरात जमा होतात.

सरकारी नोकराला शुभवर्तमानात स्वतःची जागा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्म्यासाठी योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. नोकरी सोडा, असे तो सांगत नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांना तो जुलूम न करण्यास आणि पगारात समाधान मानण्यास सांगतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावच्या जक्कयाची कथा येते. हा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि त्यांच्या चित्रांत झाड हटकून असते. पण कथेचे मर्म तो झाडावरून उतरल्यानंतर आहे : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसविले असेल त्याला चौपट परत. येथे पश्चात्ताप पैशांत मोजून दाखविला आहे. ही गोष्ट मुलाला पुरी सांगावयाची, तर सांगणाऱ्याचे कचेरीतले टेबल स्वच्छ असावे लागते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा रीतीने वाढलेले मूल जगात टिकेल काय? शाळेच्या बसमध्ये रोज डबा हिसकावून घेणाऱ्या मुलापुढे त्याने दुसरा गाल करावयाचा काय? आम्हांला वाटते, सर्व नियमांत हाच नियम मुलांना सर्वांत चुकीचा शिकविला जातो. क्षमा हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा अधिकार आहे. मोठ्यांनी दोघांना समोर उभे करून “झाले गेले विसरा” असे म्हणवून घेतले, तर ती केवळ तंटा मिटविण्याची सोय होय. शिवाय मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात अन्याय झाल्यास काय करावे याचा क्रम दिला आहे. आधी त्या माणसाला एकांतात त्याचा दोष दाखवावा. त्याने न ऐकल्यास आणखी एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे सांगावे. सातांच्या सत्तर पटीपर्यंत क्षमा करण्याची सुप्रसिद्ध गोष्ट याच्या नंतर येते. अर्थात अन्याय बोलून दाखविणे क्षमेच्या आड येत नाही; तेथूनच तिची सुरुवात होते. मोठ्या माणसाने केलेला अन्याय क्षमेच्या नावाखाली मुलाला मुकाट्याने गिळावयास लावणे, हा तर त्या मुलाचाच घात होय. सूड घेऊ नये, त्या दुसऱ्या मुलाचे वाईट चिंतू नये, पण डबा हिसकावला गेला हे शिक्षकांना स्पष्ट सांगावे, एवढे दहा वर्षांच्या मुलालाही झेपते.

राहिली ती धर्मांतराची धास्ती. तिचा निर्णय करताना महाराष्ट्राच्याच इतिहासातील दोन घरे आठवतात. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. सदनात धर्म शिकवावयाचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. मात्र दार बंद करीत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांनी विश्वासाने मुली सोपविल्या होत्या, हे खरे. आपल्याच घरात आपण चोरून प्रार्थना का करावी, हा रमाबाईंचा भावही खरा. तो वाद आम्ही येथे उकरीत नाही. पण वर्गात जे वर्ज्य होते ते त्या उघड्या दारातून पोचले, एवढे त्यावरून कळते.

दुसरे घर रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्या वाटेने यावयास आणखी काही वर्षे लागली. त्यांच्या अहमदनगरच्या घरी बालकवी ठोमरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली, आणि बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या मायेला धर्माची अट नव्हती. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा नियम ज्याला असा मिळतो, तो धर्म न बदलताही त्याचा धनी होतो.

सत्य, क्षमा आणि गाजावाजा न केलेले दान ही आमच्या संतांनाही परकी नव्हती; परके झाले आहे ते त्यांचे रोजचे आचरण. मिशनच्या शाळेतून मूल तेच नियम पुन्हा घरी आणीत असेल, तर त्याने आमचेच काही हरवलेले परत आणले असे आम्ही समजतो. शाळेतल्या तासाला संमती द्यावयाची की नाही हे पालकाच्या हाती आहे. घरी मूल जे रोज पाहते त्यासाठी मात्र त्याची संमती कोणी विचारीत नाही. नको असलेला पाहुणा आला असता मुलाला पुढे न करता आपण उठून दाराशी जावे आणि “आज सवड नाही, उद्या या” असे सांगावे. काम लहान आहे, थोडे संकोचाचेही आहे. पण ते मुलाच्या देखत करता येते, आणि त्यासाठी कोणत्याही तासाच्या घंटेची वाट पाहावी लागत नाही.