छंद, जीव आणि कारभारीपण

मनुष्याने कोणता छंद जोपासावा आणि किती दिवस जोपासावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असे आपण सहज म्हणतो. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याचे मन त्यांवरून उडाले, तर तो वही मिटून कपाटात ठेवतो. तिकिटांना भूक लागत नाही. परंतु ज्या छंदाची सामग्रीच सजीव आहे, तो असाच मिटून ठेवता येईल काय? समुद्रातील मासे व प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याच्या छंदाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असे वाटते.

मी राहतो ती बंगळूरची एचएसआर लेआउट ही वस्ती होसूर व सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेली. समुद्रसपाटीपासून ती सुमारे ९०० मीटर उंच आहे आणि पूर्वेस जा वा पश्चिमेस, समुद्र जवळजवळ ३०० किलोमीटर दूर. जवळचे पाणी म्हणजे अगर तलावाचे, आणि तेही गोडे. तरीही येथल्या ओळखीच्या काही घरांतून मी निळसर प्रकाशात डोलणारी समुद्रपुष्पे आणि त्यांच्या आश्रयाने वावरणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश पाहिले आहेत. दृश्य खरोखरच मन वेधून घेते. निर्माणकर्त्याच्या हातचे हे काम पाहून ज्याच्या मुखातून स्तुती निघणार नाही, असा मनुष्य विरळाच.

मात्र त्या दृश्यामागे रोजचे कष्ट असतात. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात खास मीठ मिसळून समुद्राचे पाणी घरी तयार करावे लागते. त्याची उष्णता २५-२६ अंशांच्या आसपास राखावी लागते. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. पाण्यातील चुन्याच्या अंशापासून तो आपला सांगाडा बांधतो आणि त्याच्या देहात वस्तीला असलेले सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरविते. पाणी अधिक तापले की ही भागीदारी तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. वीज काही तास गेली, पाणी हलविणारा पंप थांबला, तर प्राणवायू कमी होऊन एका रात्रीत सारी टाकी मृत होऊ शकते. ज्या जिवांना समुद्र काहीही न मागता सांभाळत होता, त्यांच्यासाठी समुद्र होण्याचे काम आता एका कुटुंबाला करावे लागते.

या छंदाला भरती आली त्याची कारणे उघड आहेत. कमी वीज खाणारे एलईडी दिवे आले, पगार वाढले, आणि २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरात कोंडली गेली. ओहोटीची कारणेही तितकीच साधी आहेत. कचेऱ्या पुन्हा उघडल्या, बदल्या झाल्या, घरमालकाने घर सोडावयास सांगितले. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला पाण्याची टंचाई भासली, तेव्हा टँकरचे पाणी शुद्ध करून त्यातील बरेचसे मोरीत सोडणे अनेकांच्या मनाला पटेना. यातील कोणतेही कारण दुष्टपणाचे नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या कारणांसाठी छंद सोडला. परंतु टाकीतला क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगू शकतो, आणि प्रवाळाच्या वसाहतीचे आयुष्य तर मनुष्याहूनही मोठे असू शकते. छंदाचे आयुष्य आणि जिवाचे आयुष्य यांत जे अंतर पडते, त्याचा हिशेब कोणी द्यावा?

हा प्रश्न नवा नाही. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरील कर रद्द झाला, आगगाडीने समुद्रकिनारा शहरांच्या जवळ आणला, आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्यासाठी समुद्रजीव पुरविणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस हा निसर्गशास्त्रज्ञ होता. तो प्लिमथ ब्रदरेन पंथाचा अत्यंत निष्ठावान विश्वासणारा होता. सृष्टीच्या निरीक्षणातून वाचकाने देवाचे गौरव करावे, या हेतूने त्याने ‘दि अॅक्वेरियम’ हा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध केला. तो हातोहात खपला आणि घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांमधील डबकी त्यांनी ओरबाडून नेली. दहा-पंधरा वर्षांत लाट ओसरली; टाक्या अडगळीत गेल्या. किनाऱ्याचे वैभव मात्र परतले नाही. याचे किती दुःख गॉसला झाले, ते त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात नमूद केले आहे. हेतू शुद्ध होता. पण शुद्ध हेतूने जे सुरू होते, ते शुद्ध हेतूच्या मर्यादेत राहतेच असे नाही.

त्याच काळातील दुसरी कथा अगदी निराळी आहे. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले व काचेच्या साध्या भांड्यात ठेवले. रोषणाई नव्हती, यंत्रे नव्हती. समुद्राचे पाणी आणून ते नियमाने बदलावयाचे आणि थोडे खाऊ घालावयाचे, एवढेच. १८५१ साली डॅलियेल वारले, तेव्हा ते भांडे एका स्नेह्याकडे गेले. त्याच्यानंतर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. लोक त्या प्राण्याला प्रेमाने ‘आजी’ म्हणत. १८८७ साली एडिनबरोत ‘आजी’ मरण पावली. मधल्या काळात मत्स्यालयांची लाट आली आणि गेलीही, पण या भांड्यातील पाणी ५९ वर्षे कोणी ना कोणी बदलत राहिले. पाळणे हे वचन आहे हे ज्यांना समजले, त्यांनी ते वचन वारशासारखे पुढे दिले.

येथे शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला दोन शब्दांची आठवण होणे साहजिक आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला समुद्रातील माशांवर सत्ता दिलेली आहे, आणि या वचनाचा आधार घेऊन मनुष्याने पुष्कळ काही केले आहे. परंतु दुसऱ्या अध्यायात त्याला बागेत ठेवले ते कशासाठी, हे सांगताना मूळ इब्री भाषेत जो ‘शामर’ धातू येतो, त्याचा अर्थ राखण करणे, पहारा करणे असा आहे. पहारेकरी कंटाळा आला म्हणून मध्यरात्री घरी जात नाही. शिवाय पहिल्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी वाचताना आपण घाईने पुढे जातो. शास्त्रातील पहिला आशीर्वाद मनुष्याला मिळालेला नाही; तो पाचव्या दिवशी जलचरांना व पक्ष्यांना मिळाला आहे, आणि त्यांनी समुद्राचे पाणी भरून टाकावे असा त्याचा आशय आहे. ज्याला समुद्र भरण्याचा आशीर्वाद आहे, त्याला दोनशे लिटरच्या टाकीत आणणाऱ्याने निदान थोडे थबकले पाहिजे.

आपल्याकडे कायद्यानेही थबकावयास सांगितले आहे. सर्व पाषाणप्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आणि प्रवाळ ही केवळ लक्षद्वीप-अंदमानची गोष्ट नव्हे. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली हलवून कुलाब्याजवळ नेऊन बसवाव्या लागल्या. मोती-पोवळ्यांची माळ आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण पोवळे हे एकेकाळी जिवंत होते, याची जाणीव आपल्या समाजाला आता कोठे होत आहे.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. समुद्रच तापत आहे. जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी घटना २०२४ साली जाहीर झाली. अशा वेळी, हौशी माणसांनी टाकीत प्रवाळाचे तुकडे वाढविण्याची कला विकसित केली, हे समुद्राच्या उपयोगाचे नाही काय? आहे. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होऊ लागली, म्हणून समुद्रातून पकडण्याची गरज कमी होऊ शकते, हेही खरे. मग टाकी म्हणजे नोहाचे तारू म्हणावे काय? ही उपमा पुरती लागू पडत नाही. नोहाने शेवटी दार उघडले आणि आतले जीव पृथ्वीवर परत गेले. टाकीतला मासा परत सोडता येत नाही. तलावात सोडला तर तो मरतो, परक्या समुद्रात सोडला तर इतरांना मारतो. हिंदी-प्रशांत महासागरातील लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून ही वंशावळ सुरू झाली असावी असे मानतात, आणि आज तो तेथील प्रवाळभित्तींवर उपद्रव झाला आहे. या तारवाला उघडण्याजोगे दार नाही. म्हणूनच आत कोणाला घ्यावयाचे, याचा विचार आधी करावा लागतो.

छंद करू नये, असा माझा आग्रह नाही. मूल रोज समुद्रपुष्पाकडे पाहते, त्याच्या मनात जे रुजते त्याची किंमत मी कमी मानीत नाही. पण घरात टाकी आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हा जीव कोठून आला? पैदाशीचा आहे की समुद्रातून उचललेला? तो बाळगणे कायदेशीर आहे काय? आणि आपल्याला उद्या गाव सोडावे लागले, तर त्याचे पाणी कोण बदलणार? शेवटच्या प्रश्नाला एखाद्या व्यक्तीचे नाव हे उत्तर असावे. ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आणि मोलकरी यांतील फरक सांगितला आहे. मोलकरी दुष्ट असतो असे तेथे म्हटलेले नाही. मेंढरे त्याची नसतात, म्हणून अडचण आली की तो निघून जातो, इतकेच. आपल्या हौसेपायी जो जीव आपण स्वतः घरी आणला, त्याच्याबाबत तर ‘तो माझा नव्हता’ ही सबबही आपल्यापाशी उरत नाही.